खाण बंद झाली, काप उघडा ठेवा

गेल्या पावसाळ्यात पार्ल्यातल्या एका छोट्या सभागृहात व्याख्यान ऐकायला गेले होते. विषय होता इंग्लंडमधल्या डडली गावची जुनी चुनखडीची खाण. तरुण वक्त्याने जीवाश्मांची चित्रं दाखवली, खाण कशी बंद पडली आणि कशी राखली गेली ते सांगितलं आणि शेवटी पडद्यावर आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा, थिजलेल्या लाव्हाच्या त्या उभ्या सुळक्याचा, फोटो लावला. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि दहा मिनिटांत सभागृहात दोन तट पडले. पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, "तिकडची माणसं दगडसुद्धा जपतात, आपल्याला देवळंही धड जपता येत नाहीत." मागून एक मुलगा उठला. "काका, तुमच्या डोक्यावर छप्पर आहे म्हणून तुम्हाला दगड सुचतो. आमच्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपतात. आधी माणसं, मग दगड." टाळ्या दोघांनाही पडल्या. त्या दिवसापासून हा वाद मी निरनिराळ्या तोंडून ऐकते आहे आणि दर वेळी तो याच दोन वाक्यांशी येऊन अडतो. एका बाजूला परदेशाचं कौतुक आणि स्वतःच्या लोकांबद्दल तुच्छता, दुसऱ्या बाजूला गरिबाच्या घराची ढाल. खाणीत नेमकं काय जपायचं असतं, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बंद पडलेली खाण जपायची ती तिथला दगड देखणा आहे म्हणून नाही. माणसाने घण आणि सुरुंग लावून जमिनीला जो काप दिलेला असतो, तो काप जपायचा. फणस कापल्याशिवाय गरा दिसत नाही, तसं जमिनीचं आहे. कोट्यवधी वर्षांचे थर एरवी मातीखाली, झाडांखाली, घरांखाली झाकलेले असतात. खाण ते उघडे करते आणि एकदा त्या कापावर भराव पडला किंवा इमारत उभी राहिली की तो परत उघडत नाही. म्हणून काप उघडा राहिला पाहिजे. आणि तो राखण्याचं काम, त्यातला अधिकार आणि त्यातली मिळकत, ज्यांच्या दारात ती खाण आहे त्यांच्याकडे गेली पाहिजे. या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत, आणि त्या वेगळ्या केल्यामुळेच आपला वाद नासला आहे.

डडलीचीच गोष्ट घ्या, कारण तिचं नाव दोन्ही बाजू घेतात. तिथल्या त्या टेकडीला रेन्स नेस्ट म्हणतात, म्हणजे रेन नावाच्या चिमुकल्या पक्ष्याचं घरटं. हा चुनखडक सिलुरियन काळातला, सुमारे ४२-४३ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा तो भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उथळ आणि उबदार समुद्राखाली होता. प्रवाळ, शंखशिंपले, देठावर डोलणाऱ्या समुद्री लिली यांचा तिथे सडा पडत गेला आणि त्याचाच दगड झाला. पुढे औद्योगिक क्रांतीत लोखंडाच्या भट्ट्यांना चुनखडी हवी होती, वितळलेल्या धातूतला मळ ओढून घ्यायला. त्यासाठी ही टेकडी वरून खणली, आतून पोखरली. खाणकाम १९२०च्या दशकात थांबलं. १९५६ साली ब्रिटनमध्ये भूशास्त्रासाठी म्हणून राखलेलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र हीच टेकडी ठरली. सातशेहून अधिक प्रकारचे जीवाश्म इथे सापडले आहेत. त्यातला सर्वांत लाडका म्हणजे कॅलिमीन हा ट्रायलोबाइट, कठीण कवचाचा, केव्हाच नामशेष झालेला एक सागरी प्राणी. पावसाळ्यात आपल्याकडे पैसा किडा निघतो, बोट लागताच स्वतःला गुंडाळून घेतो आणि नाण्यासारखा गोल होतो. कॅलिमीन अगदी तसाच गुंडाळलेल्या अवस्थेत दगडात सापडतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी कशाला तरी घाबरून त्याने अंग आवळलं, ते आजही तसंच आवळलेलं आहे. खाणकामगारांनी त्याला 'डडलीचा किडा' म्हटलं आणि त्या गावाच्या जुन्या मानचिन्हावरही तो जाऊन बसला.

आता काकांना सांगायची गोष्ट. डडली हे गाव काही सरदार-दरकदारांचं नव्हे. कोळसा, लोखंड आणि साखळदंड यांचा तो मुलूख. धुराने काळवंडलेला म्हणून त्याला 'काळा प्रदेश' हेच नाव पडलं. रेन्स नेस्टच्या चहूबाजूंनी आजही कामगारांसाठी नगरपालिकेने बांधलेली घरं आहेत. जीवाश्म पहिल्यांदा ओळखले ते खाणीत राबणाऱ्या माणसांनी. ते बाजूला काढून ठेवायचे, संग्राहकांना विकायचे आणि पगाराला जोड मिळवायचे. १८४९ साली रॉडरिक मर्चिसन या भूशास्त्रज्ञाने तिथल्याच भुयारात व्याख्यान दिलं, तेव्हा गावच्या गाव ऐकायला लोटलं होतं. म्हणजे 'तिकडच्या' ज्या माणसांचं कौतुक चालतं, ती आपल्या गिरणगावातल्या माणसांसारखीच होती. तिथे दगड वाचला तो लोक अधिक सुसंस्कृत होते म्हणून असं मला वाटत नाही. तो वाचला कारण तो त्यांचा होता. त्यांच्या मुलांच्या खेळण्यातला, खिशातला, गावच्या चिन्हावरचा होता. सुटा पडलेला तुकडा उचलायची तिथे मुभा होती आणि हातोडी चालवायला मनाई होती. या एका साध्या नियमात मला पुष्कळ शहाणपण दिसतं.

पण मुलाचं म्हणणं त्याहून जड आहे आणि ते टाळ्यांसाठी केलेलं नव्हतं. मुंबईत घर नसणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासमोर दगडाच्या वयाचा, सहा कोटी वर्षांचा, आकडा फेकणं हा उद्धटपणा आहे. वारसा या शब्दाखाली या शहरात गरिबाला उठवलं गेलं आहे आणि त्याच जागी पुढे श्रीमंतासाठी दालनं उघडली आहेत, हेही खरं. म्हणून मी सरळ मान्य करते की ज्या संरक्षणात पायथ्याच्या माणसाला पर्यायी घर मिळाल्याशिवाय हुसकावून लावलं जातं, ते संरक्षण मला नको. पण मग पुढचा प्रश्न विचारावाच लागेल. या शहरातला घरांचा तुटवडा एका खडकाने निर्माण केला आहे का? गिल्बर्ट हिलचा सुळका उंचीला सुमारे ६१ मीटर, आणि पायथ्याला एखाद्या मैदानाएवढीही जागा नाही. तो उद्या सपाट केला तरी अंधेरीतला भाड्याचा दर एका रुपयाने उतरणार नाही. आणि बांधकामाचे हक्क एका जागेवरून दुसरीकडे नेण्याची सोय मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून आहे. वारसा इमारतींसाठी ती वापरली जाते. मग एका कड्याभोवती मोकळा पट्टा सोडून तेवढंच क्षेत्र दोन गल्ल्या पलीकडे देणं अशक्य कसं? त्या मुलाच्या खोलीसाठी भांडायचं असेल तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन. पण ती खोली कड्याच्या पोटात खणून मिळणार आहे, हे त्याला कोणी पटवलं असेल तर त्याची फसवणूक झाली आहे.

इथे अजून एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल दोन्ही तट गप्प असतात. जुलै २०००मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळली आणि साठहून अधिक माणसं ढिगाऱ्याखाली गेली. मुंबईतल्या टेकड्यांच्या उतारावर, जुन्या खाणींच्या कडांवर, पाऊस लागला की आजही माणसं जीव मुठीत धरून झोपतात. बेसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, उभ्या खांबांमध्ये भेगा असतात, त्यांत पाणी शिरतं, झाडाची मुळं शिरतात. खालून आधार काढला तर खांब सुटतो. तेव्हा कड्यापासून अंतर सोडा ही मागणी जेवढी भूशास्त्राची, तेवढीच पायथ्याला झोपणाऱ्या लेकराच्या जिवाची आहे. दगड आणि माणूस यांना आपण परस्परांसमोर उभं केलं. खरं तर दोघांना धोका एकाच दिशेने आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक विचार करायला लावणारा वाटतो. तो पर्यावरणवाद्यांकडून येतो. खाण म्हणजे डोंगराला केलेली जखम, तिचं कसलं स्मारक करता? ती भरून काढा, झाडं लावा. यात तथ्य आहे. मुंबई परिसरातल्या सोडून दिलेल्या खाणींत पावसाचं पाणी साचतं आणि पोहायला उतरलेली मुलं बुडतात, ही बातमी आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. डडलीतही आतून पोखरलेल्या काही पोकळ्यांना भराव घालून आधार द्यावा लागला. पण जखम हा शब्द वापरताना आपण कुठे उभे आहोत ते पाहावं. १९२०च्या दशकात बॅकबेच्या समुद्रात भराव घालायला कांदिवलीच्या खाणीतला दगड आणला गेला. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून वारा खाणारा प्रत्येक जण एका डोंगराच्या पोटावर बसलेला असतो. ज्याच्या घरात खडीचं काँक्रीट नाही असा मुंबईकर कुठून आणायचा? खाणीला नाक मुरडण्याचा हक्क आपल्यापैकी कोणालाही नाही.

आणि ज्ञानाच्या बाबतीत तर खाणीचं ऋण फार मोठं आहे. जर्मनीतल्या सोलनहोफेनचा चुनखडक इतका बारीक पोताचा की त्याच्यावर चरबीयुक्त शाईने लिहिलेलं जसंच्या तसं कागदावर उमटतं. त्यातून शिळाछापाची कला निघाली आणि त्या दगडाला जगभर मागणी आली. मराठीतली सुरुवातीची पंचांगं आणि पोथ्या शिळाछापावरच निघाल्या. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. तिथे लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं छापली जात होती तीही जर्मनीहून आणलेल्या दगडांवर. त्याच सोलनहोफेनच्या खाणींत, छपाईसाठी पाटी निवडताना, १८६१ साली एका पिसाचा ठसा सापडला आणि पाठोपाठ पिसांचा पसारा असलेला पण दात आणि हाडांची शेपटी असलेला एक सांगाडा. सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यामधला तो दुवा. त्याला आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका म्हणतात, म्हणजे नावातच छपाईचा दगड आहे. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि जगातला सर्वांत प्रसिद्ध जीवाश्म एकाच जातीच्या दगडातून आले, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी दुसरं काही वाचू शकले नाही. त्या खाणी कोणी 'जखम' म्हणून वेळेआधी बुजवल्या असत्या तर? उलट, कोणी भान न ठेवता सगळंच फोडून नेलं असतं तर? खाण उघडते आणि खाणच संपवते. या दोन टोकांमध्ये एक क्षण असतो, जिथे थांबायचं असतं. संरक्षण म्हणजे तो क्षण ओळखणं.

गिल्बर्ट हिल आज जशी दिसते तीही खाणीमुळेच. सगळीकडे तिला निसर्गाचा चमत्कार म्हणतात आणि अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरशी तुलना करतात, ज्याला १९०६ साली त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक केलं गेलं. चमत्कार आहेच. लाव्हा सावकाश थंड होताना आकसला आणि आटलेल्या तळ्याचा गाळ भेगाळतो तसा भेगाळला, पण या भेगा खोलवर उभ्या गेल्या आणि पाच-सहा बाजूंचे खांब तयार झाले. वयाचा आकडा बहुतेक ठिकाणी ६.६ कोटी वर्षं असा छापतात, तो दख्खनच्या मुख्य लाव्हाचा. मुंबईचे खडक त्याहून थोडे तरुण, साधारण सहा कोटींच्या आसपासचे आहेत. पण हे खांब इतके स्वच्छ उघडे पडले ते भोवतीचा दगड खडीसाठी फोडून नेला म्हणून. तो फोडला कोणी? अंधेरी, कांदिवली, चांदिवलीच्या खाणींवर वडार समाजाच्या कैक कुटुंबांची हयात गेली. पायथ्याच्या वस्तीत मला एक म्हाताऱ्या मावशी भेटल्या. लहानपणापासून खडी फोडलेली, उजव्या हाताचा अंगठा वाकडा. मी त्यांना खांबांबद्दल विचारलं तर त्या उठून कड्याशी गेल्या, दगडावर तळवा फिरवला आणि एका ठिकाणी नख टेकवून म्हणाल्या, "दगडाला शीर असती, बाई. शीर गावली तर चार घावांत फुटतो. न्हाई गावली तर दिसभर घण मारा." भूशास्त्राच्या पुस्तकात ज्याला सांधा म्हणतात, ती त्यांची शीर. ज्या बाईला हे बोटांनी कळतं, तिचं नाव कुठल्याही वारसा समितीत नसतं.

तिसरा आक्षेप शिकलेल्या माणसांचा. जीवाश्म काढा, संग्रहालयात ठेवा, जागा मोकळी करा. ऐकायला किती सोपं वाटतं! पण मुंबईनेच याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. वरळीच्या टेकडीजवळ लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये तळ्याचा गाळ दबलेला होता आणि त्यात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे होते. १८४७ साली इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज तो बेडूक इंडोबॅट्राकस म्हणून ओळखला जातो. तिथेच कासवही सापडलं, ज्याचं वर्णन एच. जे. कार्टर यांनी १८५२ साली मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर लिहिताना केलं. म्हणजे ज्वालामुखी शांत असलेल्या मधल्या काळात वरळीला तळं होतं, बेडूक होते, कासवं होती. आज त्या वरळीवर काय उभं आहे ते सांगायला नको. नमुने कपाटांत सुरक्षित आहेत, मग गेलं काय? गेला तो थर. तो किती जाड होता, बेडूक तळाशी होते की वर, त्यांच्या आजूबाजूला कुठले परागकण होते, हे ओवेनच्या काळात कोणी विचारलं नाही कारण तेव्हा विचारायची साधनंच नव्हती. आज साधनं आहेत आणि थर नाही. जोगेश्वरीच्या आंबोली खाणीत असाच गाळ उघडा पडला होता, तेव्हा अभ्यासकांनी त्यातले परागकण तपासले आणि मुंबईच्या लाव्हाचा काळ ठरवायला त्यांचा उपयोग झाला. खाणीने काप दिला नसता तर तेही झालं नसतं.

इटलीतल्या गुब्बिओचं उदाहरण तर यासाठी प्रत्येक शाळेत सांगावं. तिथल्या चुनखडकात सूक्ष्म सागरी जीवांची कवचं आहेत. त्यांचा अभ्यास आधीपासून होत होता आणि एका पातळीला ती कवचं अचानक जवळजवळ नाहीशी होतात हेही ठाऊक होतं. त्या पातळीला जेमतेम बोटभर मातीचा पट्टा आहे. १९७०च्या दशकात अमेरिकन भूशास्त्रज्ञ वॉल्टर अल्वारेझ यांनी त्या मातीचे नमुने घेतले, त्यात इरिडियम या धातूचं प्रमाण बेसुमार निघालं आणि १९८० साली अशनी आदळून डायनोसॉर संपले हा सिद्धान्त मांडला गेला. त्या सिद्धान्ताला ज्याने टक्कर दिली तो दावेदार म्हणजे आपला दख्खनचा लाव्हा. वाद अजून चालू आहे. आता विचार करा, 'जीवाश्म काढले, काम झालं' म्हणून कोणी गुब्बिओचा कडा आधीच बुजवला असता तर ती बोटभर माती कुठल्या संग्रहालयात मिळाली असती? मातीला कोणी जीवाश्म समजत नव्हतं. पुढची पिढी कुठला प्रश्न विचारणार ते आपल्याला आज कळत नाही, म्हणूनच कापाचा एक भाग तरी तिच्यासाठी अखंड सोडायचा असतो.

जर्मनीतलीच मेसेलची खाण घ्या. तेलयुक्त शेलचा दगड काढून झाल्यावर सत्तरच्या दशकात तिथे कचराभूमी करायचं सरकारने ठरवलं होतं. मोठा खड्डा आहे, गावाबाहेर आहे, कचरा टाका; आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात हेच ऐकायला मिळेल. नागरिक आणि अभ्यासक जवळजवळ वीस वर्षं भांडले. १९९५ साली ती जागतिक वारसा झाली. सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे घोडे, वटवाघळं, रंगासकट टिकलेले भुंगे तिथे आजही निघतात. वीस वर्षं! हा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण एक निवेदन दिलं, एक बातमी आली आणि काही झालं नाही म्हणून आपण हात झटकतो.

राहिला तो आक्षेप जो मला सर्वांत जास्त लागतो. हा सगळा परक्यांचा छंद आहे, आपल्या मातीतला नाही. खरंच? तुळशीच्या लग्नात जो शाळिग्राम ठेवतात, तो गंडकीच्या पात्रातला अमोनाइट आहे, समुद्रात राहणाऱ्या प्राण्याचा जीवाश्म. त्याच्या पोटातलं चक्र आपण पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आलो, त्याला विष्णू मानत आलो. जीवाश्माला पाटावर बसवून हळदकुंकू वाहणारा समाज जीवाश्मापासून दूर कसा? फोर्टातल्या जुन्या इमारतींवरची नाजूक नक्षी पुष्कळ ठिकाणी पोरबंदरच्या दगडात आहे. तो चुनखडकच. एकदा मी लहान भिंग घेऊन तशा एका खांबाशी उभी राहिले. पाच मिनिटं काहीच कळलं नाही, नुसता पिवळसर खरखरीत दगड. मग डोळा बसला आणि दिसलं की तो दगड म्हणजे रव्याच्या लाडवासारखा दाण्यादाण्यांचा आहे, आणि ते दाणे म्हणजे सागरी जीवांच्या कवचांचे कण आहेत. त्यातल्या एका सूक्ष्म जीवाच्या कुळावरून त्या दगडाला मिलिओलाइट म्हणतात. चर्चगेटहून रोज हजारो माणसं अशा भिंतींना खांदा घासून कामावर जातात. चुनाभट्टी स्टेशनचं नाव रोज घेतो, पण चुना हा मुळात कवचांचा दगड, हे कोणी शाळेत दाखवलं नाही. आपल्याकडे हा छंद नाही असं नाही. त्याला बोलायला शब्द दिले गेले नाहीत.

गिल्बर्ट हिलच्या माथ्यावर गावदेवी आहे. कित्येक पिढ्या माणसं त्या उंच पायऱ्या चढून देवीला जातात. माझं स्पष्ट मत आहे की तो माथा कायद्याच्या आधी देवीने राखला. पण देवीचा अंमल माथ्यावर, आणि दगड जातो तो पायथ्यातून. २००७ साली महापालिकेने या टेकडीला श्रेणी दोनचा वारसा ठरवलं आणि खाणकामाला मनाई झाली, ते योग्यच झालं. तरी पायथ्याशी उभं राहून वर पाहायला आज जागा किती उरली आहे? चारही बाजूंनी भिंती, वायरी, पत्रे. ज्या कापासाठी ही टेकडी मोलाची, तोच काप दिसत नाही. तिकडे उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे लाव्हाचे खांब राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहेत, लोक होडीने पाहायला जातात. जोगेश्वरीची लेणी तर केव्हापासून संरक्षित स्मारक आहे, तरीही वस्ती तिच्या माथ्यापर्यंत आली. फलक होता, कायदा होता. त्या वस्तीशी कोणी बोललं नव्हतं.

डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळं आणि भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. असा कायदा हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इमारतीला आणि मूर्तीला कायदा आहे, थराला नाही, ही उणीव फार जुनी. पण त्या मसुद्यात अधिकार एकवटले ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे, आणि त्यावर अभ्यासकांनीच आक्षेप घेतले. माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. कोलकात्यात मुख्यालय असलेल्या खात्याला अंधेरीच्या गल्लीत रात्री कोण काय खणतंय हे कसं कळणार? ते कळतं समोरच्या किराणावाल्याला, देवळाच्या गुरवाला, त्या मावशींना. त्यांना पगारी राखणदार करा. त्यांच्या नातवंडांना वाटाडे करा, शाळेच्या सहली त्यांच्या हाती द्या. कड्यापासून ठरावीक अंतरात खणायला आणि ठोकायला बंदी, बाकी जगण्यावर बंदी नको. फलक मराठीत हवा, आणि त्यावर मंत्र्याच्या नावापेक्षा लाव्हा कसा थंड झाला याचं चित्र मोठं हवं. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोलीच्या चुनखडकात डायनोसॉरची अंडी आणि हाडं मिळाली, आणि आज तिथे उद्यान आणि संग्रहालय आहे. आपल्या गडचिरोलीत सिरोंचाच्या रानात जीवाश्म उघड्यावर आहेत. तिथे मुंबईचीच चूक पुन्हा करायची की आतापासून गावाला हाताशी धरायचं, हे ठरवायला अजून वेळ आहे.

व्याख्यान संपल्यावर त्या मुलाला मी जिन्यात गाठलं होतं. वक्त्याने पाहायला फिरवलेला डडलीचा एक तुकडा अजून त्याच्या हातात होता, परत द्यायचा राहिलेला. तळहाताएवढा करडा दगड, त्यात बारीक मण्यांसारख्या चकत्या, समुद्री लिलीच्या देठाच्या. तो त्या अंगठ्याने मोजत होता. मला म्हणाला, "ताई, आमच्या आजोबांनी गिल्बर्ट हिलवर काम केलंय. ते म्हणायचे, एका दगडात पान दिसलं होतं. आम्ही हसायचो." मी विचारलं, कुठल्या बाजूला? त्याला ठाऊक नव्हतं. म्हणाला, आजी आहे अजून, तिला विचारतो.